फाटकाच्या अलीकडे, फाटकाच्या पलीकडे

देवळाई चौकातून आत गेल्यावर तिसऱ्या गल्लीतली नवी इमारत. तिसरा मजला, रिकामा फ्लॅट, ओल्या रंगाचा वास. एजंट ट्रॉल्या उघडून-मिटून दाखवत होता, सून मोबाइलवर खोल्यांचे फोटो काढत होती, वाळूजला नोकरी करणारा मुलगा बाल्कनीत उभा राहून बायपासवरच्या ट्रकांचा आवाज किती येतो ते ऐकत होता. परभणीकडून आलेल्या आजीबाई मात्र सरळ बाथरूममध्ये गेल्या. नळ सोडून पाहिला नाही त्यांनी. तोटीच्या टोकाशी जमलेला पांढरा थर अंगठ्याच्या नखानं खरवडला, बोटांत चोळला आणि विचारलं, "पानी कुठलं हाय?" एजंट तयारीचा होता. "बोर हाय मावशी, टँकर बी येतो. अन् महापालिकेची लाइन मंजूर झालीय." आजीबाईंनी बोटं पदराला पुसली. "मंजूर झालीय म्हंजी आली न्हाई ना आजून."

त्या वाक्यावर कुणी काही बोललं नाही. सगळे लिफ्टकडं वळले.

छत्रपती संभाजीनगरात घर शोधणाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असतात, अलीकडं आणि पलीकडं. कशाच्या, ते सांगावं लागत नाही. शिवाजीनगरचं रेल्वे फाटक. अलीकडं गारखेडा; पलीकडं बीड बायपास आणि त्याच्या दोन्ही अंगांनी डोंगरापर्यंत पसरलेला सातारा-देवळाई परिसर. मध्ये रुळांची एक ओळ. पण त्या एका ओळीनं फ्लॅटचा दर बदलतो, पाण्याचा वार बदलतो, पत्ता लिहायची पद्धतसुद्धा बदलते. अलीकडं पत्ता 'गजानन महाराज मंदिराच्या मागं', 'सूतगिरणी चौकाजवळ' असा मंदिर-चौकाच्या आधारानं चालतो. पलीकडं अजून 'गट नंबर अमुक' असं लिहिलं जातं. इमारतीला सात मजले चढले तरी पत्त्यातून शेत गेलेलं नाही. हसायचं कारण नाही म्हणा. गारखेडा नावातच खेडा आहे. त्याचं शेतपण थोडं आधी मिटलं, इतकंच.

गारखेड्यात संध्याकाळी सात वाजता चालत निघावं. फोडणीचा वास, क्लासमधून सुटलेल्या पोरांच्या सायकली, दर चार घरांमागं एक किराणा, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी. डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. विभागीय क्रीडा संकुलाकडं फिरायला निघालेली मंडळी. हे सगळं हाताशी आहे आणि म्हणूनच जागा नाही. गल्लीत एका बाजूला गाड्या लागल्या की दुसरीकडून कचऱ्याची घंटागाडी शिरताना चालकाला आरसे मिटवावे लागतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या स्वयंपाकघरातलं पातेलं दिसतं. पलीकडं त्याच वेळेला साताऱ्याच्या डोंगरावरून वारा सुटलेला असतो, आकाश मोठं असतं, खंडोबाच्या देवळाकडच्या रस्त्यावर माणसं निवांत चालताना दिसतात. अन् कोथिंबीर विसरली तर गाडी काढावी लागते. बायपासलगतच्या इमारतींत तर बाल्कनीची जाळी दर दोन दिवसांनी पुसली नाही तर धुळीनं करडी होते, आणि रात्री अकरानंतर जड वाहनांचे हॉर्न थेट उशाशी येतात. रस्त्यापासून तीन-चार इमारती आत गेलं की आवाज निम्म्यानं उतरतो. पाहायला जाणारे बहुतेक रविवारी सकाळी जातात, आणि रविवारी सकाळी कुठलाही परिसर सालस दिसतो.

पण खरा प्रश्न आजीबाईंचाच. पाणी कुठलं?

शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीचं. तिथून उपसून फारोळ्याला शुद्ध होतं आणि नक्षत्रवाडीवरून शहरात शिरतं. म्हणजे दक्षिणेच्या अंगानं, सातारा परिसराला जवळजवळ खेटून. ज्यांच्या शेजारून पाणी जातं त्यांच्या दारात टँकर उभा, ही या शहराची जुनी गंमत. वर्षानुवर्षे सगळा भार ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या वाहिन्यांवर होता. मग २५०० मिलिमीटरच्या मोठ्या वाहिनीची योजना आली, तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, आणि तेव्हापासून एजंटांच्या बोलण्यात 'नवी लाइन' हा कायमचा पाहुणा आहे. मोठी वाहिनी शहराच्या वेशीवर येणं, तिचं पाणी तुमच्या भागातल्या उंच टाकीत चढणं आणि टाकीपासून तुमच्या गल्लीत वाटपाची वाहिनी पडून तुमच्या मीटरला जोडणी मिळणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा फोटो वर्तमानपत्रात येतो. फ्लॅट घेणाऱ्यानं तिसरीबद्दल विचारायचं असतं: या इमारतीला नळजोडणी आहे का, असेल तर पाणीपट्टीची शेवटची पावती दाखवा. पावती दाखवली नाही तर जोडणी नाही, असंच समजावं.

अलीकडं नळ आहे म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. नळ असणं आणि नळाला पाणी असणं यांत या शहरात चार-सहा दिवसांचं अंतर पडत आलंय. तेव्हा हिशेब टाकीचा करायचा. शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. म्हणजे गच्चीवरची एक हजार लिटरची काळी टाकी दोन दिवसही पुरत नाही. पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत एका घराला २,७०० लिटर साठवण लागते. चोवीस फ्लॅटच्या इमारतीला दिवसाला साधारण १३,००० लिटर, पाच दिवसांचे ६५,०००. एवढं पाणी मावायला जमिनीखालचा हौद सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद आणि नऊ फूट खोल लागतो. पार्किंगमध्ये जाऊन हौदाचं झाकण उघडायला सांगायचं, दोरीला दगड बांधून खोली मोजायची. वॉचमन विचित्र नजरेनं पाहील, पाहू द्या. बहुतेक हौद याच्या निम्मेही निघत नाहीत, आणि उरलेलं निम्मं पाणी मग टँकरनं येतं, अगदी गारखेड्यातसुद्धा. दुसरी गोष्ट, हौद एक आहे की दोन? बोरचं आणि नळाचं पाणी एकाच हौदात सोडलेलं असेल तर नळाचं गोडं पाणी प्यायला वेगळं उरतच नाही; सगळ्या पाण्याची चव बोरची होते. जुन्या इमारतींत दर फ्लॅटची वेगळी टाकी, वेगळी वाहिनी, वेगळी मोटार असते. पाणी येण्याच्या वारी पहाटे साऱ्या मोटारी एकदम घुरघुरायला लागतात. नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे, पण शेजाऱ्यानं लावली की आपल्याकडं फुसफुस हवाच येते, मग आपणही लावतो. गल्लीच्या टोकाच्या घराला कोण विचारतो?

पलीकडं सगळी मदार बोरवर. इथली जमीन वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे झिजलेला मऊ खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी पाषाणात नसतं, त्याच्या फटींत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं; पाऊस झाला की भरतं, आणि शंभर इमारतींनी शंभर भोकं पाडली की तेवढंच पाणी शंभर वाट्यांत जातं. 'बोरला दोन इंची पाणी आहे' असं सांगितलं तर महिना विचारावा. सप्टेंबरची दोन इंची धार मे महिन्यात करंगळीएवढी होते. मोटार किती वेळ चालते आणि किती वेळ बंद ठेवून पाणी साचू द्यावं लागतं, हे बिल्डरपेक्षा वॉचमनला जास्त माहीत असतं. रस्त्यावरसुद्धा खूण दिसते. टँकर गळका असतो, तो रोज ज्या गेटपाशी मागं घेतला जातो तिथं डांबरावर ओला, चिखलाळ पट्टा पडतो. भर उन्हाळ्यात दुपारी ज्या गेटासमोर असा पट्टा असेल तिथल्या देखभाल खर्चाच्या वहीत एप्रिल आणि मेची पानं वाचायला मागावीत. 'मेंटेनन्स दीड हजार' हे वर्षभराचं सरासरी बोलणं असतं. टँकरची वर्गणी वेगळी निघते आणि ती उन्हाळ्यात चढते.

तोटीवरचा तो पांढरा थर म्हणजे पाण्यातला चुना आणि त्याचे भाऊबंद. पाणी तापलं की ते आधी बाहेर पडतात, म्हणून गीझरची कॉइल आधी जाते, मग वॉशिंग मशीन, मग शॉवरची भोकं बुजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतात; कठीणपणा २०० पर्यंत बरा, ६०० ही शेवटची हद्द. बाजारात मिळणारं पेनाएवढं टीडीएस मीटर क्षारांचा आकडा सांगतं, पण पाणी किती कठीण आहे आणि त्यात जंतू आहेत का, ते सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा. आणि प्रयोगशाळेच्या आधीची आपल्या घरातली परीक्षा म्हणजे तुरीची डाळ. फ्लॅट पाहायला जाताना रिकामी बाटली न्यायची, नळाचं पाणी भरून आणायचं, नेहमीची डाळ नेहमीएवढ्या शिट्ट्या देऊन शिजवायची. दाणा दाताखाली कचकन लागला तर पाणी जड आहे. मग आरओ बसवाल. तो एक लिटर गोडं पाणी देताना दोन-तीन लिटर खारं सांडतो, म्हणजे टँकरचं विकत घेतलेलं पाणी पुन्हा मोरीत. त्या पाण्यानं फरशी पुसता येते, संडासात टाकता येतं. त्यासाठी नळीखाली बादली ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लागायला हवी. ती सहसा एकालाच लागते.

पाणी आलं की ते जातं कुठं, हेही पाहायचं. पलीकडचा बराच भाग वर्षानुवर्षे सेप्टिक टाकीवर आहे. टाकी भरली की उपसायची गाडी येते, आणि ती ज्या दुपारी येते त्या दुपारी बाल्कनीतला मोठा आकाशाचा तुकडाही उपयोगाचा नसतो. सेप्टिक टाकी आणि बोर यांत निदान पन्नास फूट अंतर हवं. शेजारच्या प्लॉटवरच्या टाकीपासूनही हवं, आणि लहान प्लॉटांच्या वस्तीत ते कुणी मोजलेलं नसतं.

कागदांचं बोलायला माणसं लाजतात. घर पाहताना कागद मागणं म्हणजे सोयरिकीत मुलीकडच्यांना सात-बारा मागण्यासारखं वाटतं. पण या दोन परिसरांतला मोठा फरक कागदातच आहे. सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायती होत्या, मध्ये काही काळ नगर परिषद झाली आणि २०१६ मध्ये हा भाग महापालिकेत आला. म्हणजे शेजारशेजारच्या दोन इमारतींपैकी एकीचा परवाना ग्रामपंचायतीच्या काळातला, एकीचा महापालिकेचा असू शकतो. त्यात गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. शेताचे असे तुकडे पाडून बॉण्डवर विकले गेले आणि त्यावर घरं उठली. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि नंतरच्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसवता येऊ लागली. 'गुंठेवारीत फाइल टाकलीय' हे वाक्य इथं रोज ऐकू येतं. फाइल टाकणं म्हणजे अर्ज करणं. प्रमाणपत्र हातात पडणं वेगळं. बँक दुसऱ्यावरच कर्ज देते. नव्या इमारतीसाठी मागायचं ते असं: शेतजमीन बिनशेती केल्याचा अकृषिक आदेश, प्लॉटांचं मंजूर रेखांकन, बांधकाम परवाना, आणि सगळ्यात महत्त्वाचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा दाखला. प्लॉट ५०० चौरस मीटरहून मोठा आणि फ्लॅटही आठाहून जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवाच, आणि त्या क्रमांकावर संकेतस्थळावर इमारतीचा मंजूर नकाशा घरबसल्या पाहता येतो. नकाशात पाच मजले आणि डोळ्यांसमोर सहा, असंही पाहायला मिळतं. वरचा तो सहावा मजला स्वस्त का आहे, याचं उत्तर तिथंच मिळतं.

अलीकडच्या कागदांचं दुखणं म्हातारपणाचं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची इमारत, बिल्डर निघून गेला, सोसायटी नोंदवलीच नाही किंवा नोंदवली तरी जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणं, झालं नाही. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर, वारस सात. उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं तर आधी त्या सातांना एकत्र बसवा. मालक-बिल्डर पुढं आले नाहीत तरी जमीन नावावर करून घ्यायची, मानीव अभिहस्तांतरणाची वाट कायद्यानं आहे, पण त्यासाठी कुणीतरी एकानं धावपळ करावी लागते, आणि तळमजल्यावरचा निवृत्त शिक्षक थकला की ती थांबते. अशा इमारतीत सज्जाच्या खालच्या बाजूनं सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग शोधावी. आत सळई गंजून फुगली की असं होतं. एक रुपयाच्या नाण्यानं भिंतीवर, कॉलमवर टकटक करावं. भरीव ठिकाणी आवाज ठणठणीत येतो, सुटलेल्या जागी पोकळ. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग मात्र वेगळी गोष्ट सांगते. ती पायाखालच्या काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात आक्रसायचं हा तिचा धर्म. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंत तिच्यासोबत दरवर्षी श्वास घेते. कितीही लांबी (पुट्टी) भरा, पुढच्या मे महिन्यात भेग हजर. डोंगराच्या पायथ्याकडं मुरूम लवकर लागतो, तिथं हा त्रास कमी.

दराची तुलना करताना एक फसगत नेहमीची. पलीकडचा एजंट हजार फूट म्हणतो ते विक्रीचं क्षेत्र. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेजचे तीस टक्के चढवलेले असतील तर आत पायाखाली ७६९ फूट चटई क्षेत्र उरतं. गारखेड्यातला जुना ८०० फूट म्हणजे कधीकधी खरोखर त्याच्याएवढाच निघतो. टेप घेऊन मोजायचं, दोन्हीकडं, भिंतीच्या आतून. नोंदणी घरातल्या बाईच्या एकटीच्या नावे केली तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ती पुष्कळांना दस्त झाल्यावर कळते.

आणि उन्हाळा. वरच्या मजल्याचा स्लॅब मे महिन्यात दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेला मोकळी भिंत असलेली झोपायची खोली त्याहून वाईट. पलीकडं मोकळं असल्यानं भिंतींवर ऊन सरळ पडतं. अलीकडं शेजारच्या इमारतीची सावली मिळते आणि त्याच इमारतीनं वारा अडवलेला असतो. कूलर ठेवायला बाल्कनीत जागा आहे का, तिथं पाण्याचा नळ आहे का, हे पाहावं. कूलरचं पाणीही त्या ५४० लिटरांच्या वरचं, हे लक्षात ठेवावं. शक्य असेल त्यानं फेब्रुवारीत अकरा महिन्यांचा भाडेकरार करून आधी राहून पाहावं, म्हणजे एप्रिल-मेची पाणीटंचाई, जूनचा पहिला पाऊस आणि फाटकापाशी पावसात होणारी कोंडी सगळं एका भाड्यात कळतं. रुळांवर पूल असो नाहीतर खालून भुयारी रस्ता, पहिल्या मोठ्या पावसात तिथं गुडघाभर पाणी थांबतं का ते त्या एका संध्याकाळी जाऊन पाहण्याइतकं सोपं आहे. जाहिरातीतली 'अवघी दहा मिनिटे' कोरड्या रस्त्यावरची असतात.

त्याच दिवशी चार वाजता ती मंडळी अलीकडच्या फ्लॅटवर आली. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आजीबाई कठड्याला धरून, मधल्या वळणावर थांबत चढल्या. नळ सोडला, तोटी स्वच्छ. पाणी पाचव्या दिवशी येतं, पाऊण तास, असं एजंट म्हणाला. हा एजंट दुसरा, जरा खरं बोलणारा. स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागला. सुनेला ते आवडलं नाही, मुलाला दर परवडेल असं वाटलं, आणि दोघं एकमेकांकडं न पाहता फरशीकडं पाहत राहिले. पलीकडच्या बाल्कनीतला वारा तिच्या डोक्यातून गेलेला नव्हता.

आजीबाईंनी विचारलं, "कुरडया कुठं घालायच्या मग?"

गच्ची सगळ्यांची आहे, असं एजंट म्हणाला. त्या आणखी दोन मजले चढल्या. वर लोखंडी दार, त्याला कुलूप. त्यांनी कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं केलं. गंज चढला होता. "किल्ली कुनापाशी ऱ्हाती?" एजंटनं सेक्रेटरींना फोन लावला. खाली, तळमजल्यावर कुठंतरी घंटी वाजू लागली, जिन्यातून वरपर्यंत स्पष्ट ऐकू येत होती. बराच वेळ वाजली. आजीबाई शेवटच्या पायरीवर पदरानं वारा घेत बसल्या, आणि एजंट फोन पुन्हा लावत राहिला.